अंतराळात प्लास्टिक किती टिकतं? पॉलिमर आणि अंतराळातला दीर्घ मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात अंतराळात प्लास्टिक पाठवायचंच कशाला? सगळं धातूचं का करत नाहीत?

वजनामुळे. शिवाय धातूला न जमणारी बरीच कामं तिथे असतात. तारांवरचं आवरण, सौरपट्ट्यांची पाठ, जोड चिकटवणारा गोंद, दारांच्या कडेची सीलं, रंगातला बाइंडर, कार्बन फायबरला धरून ठेवणारं इपॉक्सी, उपग्रहाला गुंडाळलेलं उष्णतारोधक पांघरूण हे सगळं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे, प्लास्टिकच्या कुळातले पदार्थ. बाहेरून उपग्रह धातूचा दिसतो, पण उन्हाला आणि अंतराळाला तोंड देणारा त्याचा बराचसा पृष्ठभाग प्लास्टिकचाच असतो.

उपग्रहावरचा तो सोनेरी कागद खऱ्या सोन्याचा असतो का?

नाही. तो बहुतेक वेळा कॅप्टन (Kapton) असतो, म्हणजे पॉलिइमाइड जातीच्या प्लास्टिकची फिल्म. तिचा मूळ रंगच मधासारखा पिवळट तांबूस असतो. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा दिला की तो रंग आरशावर ठेवल्यासारखा चमकतो आणि लोकांना सोनं वाटतं. आत अशाच पातळ फिल्मचे अनेक थर असतात आणि थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये जाळी घातलेली असते.

तिथे हवा नाही, पाणी नाही, बुरशी नाही. मग प्लास्टिक खराब होतं कशाने?

जमिनीवर जे नसतं त्याने. सूर्याचे अतिनील किरण तिथे न गाळता येतात. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचा मारा असतो. दर फेरीला ऊन-सावली पालटते, आणि निर्वात स्वतःच पदार्थातली हलकी द्रव्यं ओढून काढतं. उल्कांचे कण आणि अंतराळातला कचरा आहेच. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत याहून मोठा एक शत्रू असतो, त्याच्याबद्दल पुढे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर बेतलेली आहेत. ‘अंतराळ’ नावाचं एकच वातावरण नसतं. ४०० किलोमीटरवर जे पॉलिमर झिजून संपतं, तेच १५ लाख किलोमीटरवर निवांत राहतं. एकाच उपग्रहाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे तुकडे काढून शेजारी ठेवले, तर ते एकाच रोलमधले आहेत यावर विश्वास बसत नाही. ‘हे प्लास्टिक अंतराळात चालेल का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कुठे, कोणत्या तोंडाला आणि किती वर्षं?

अणुरूप ऑक्सिजन म्हणजे काय? आपण श्वासात घेतो तोच ना?

तोच, पण फोडलेला. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू जोडीने असतात. सुमारे २४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण ही जोडी तोडतात. खाली हवा दाट असते, त्यामुळे सुटलेला अणू लगेच कुणाला तरी जाऊन चिकटतो. दोनशे किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की त्याला जोडीदारच सापडत नाही. त्यामुळे साधारण २०० ते ७०० किलोमीटरच्या पट्ट्यात हे सुटे अणूच सर्वांत जास्त असतात.

संख्येने ते फार नसतात. त्या उंचीवरची ‘हवा’ आपल्या भाषेत निर्वातच. पण उपग्रह सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने त्यांच्यातून जात असतो. अणू जवळपास स्थिर असतात, उपग्रहच त्यांच्यावर जाऊन आदळतो. पावसात गाडी चालवताना समोरची काच भिजते आणि मागची बरीच कोरडी राहते, तसा हा प्रकार. या धडकेची ऊर्जा साडेचार ते पाच इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. पॉलिमरच्या साखळीतला कार्बन-कार्बन बंध साधारण साडेतीनच्या आसपास तुटतो. त्यात हा अणू एकटा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या कमालीचा भुकेला. तो कार्बनला पकडतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड होऊन उडून जातो. राख नाही, धूर नाही. प्लास्टिक जागच्या जागी विरत जातं.

कॅप्टनचा असा झिजलेला तुकडा हातात घेतला तर पहिल्यांदा चकाकी गेलेली जाणवते. चमकदार मधाचा रंग मळकट, मखमली पिवळा झालेला असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर दाट गालिचा दिसतो: हजारो बारीक सुळके, सगळे एकाच दिशेला टोकं करून उभे. ज्या दिशेने अणू आले, त्या दिशेला. सपाट पृष्ठभाग म्हणून काही उरलेलंच नसतं.

पण झीज नेमकी किती? आकड्यात सांगा.

हिशेब सोपा आहे. दर अणूमागे किती आकारमान झिजतं, याला झीज-दर म्हणू. कॅप्टन एच या प्रकारासाठी तो प्रति अणू ३ × १० चा उणे २४वा घात घनसेंटिमीटर इतका आहे. आता एका चौरस सेंटिमीटरवर १० चा २१वा घात इतके अणू आदळले असं धरा. गुणाकार करा: ०.००३ सेंटिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन. पांघरुणात वापरतात ती फिल्म अनेकदा २५ मायक्रॉनची असते. गेली.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहिला की मला जास्त गंमत वाटते. घनतेने गुणून, त्यातला कार्बनचा हिस्सा घेऊन कार्बनच्या अणूच्या वजनाने भागलं तर दर सहा-सात धडकांमागे कार्बनचा एक अणू निघतो. म्हणजे बहुतेक अणू आपटून परत जातात. तरीही एवढं नुकसान होतं.

पॉलिथिलीन, पॉलिस्टायरीन, पीईटी हे सगळे कॅप्टनच्याच आसपास येतात. पॉलिऑक्सिमिथिलीन जवळपास तिप्पट वेगाने झिजतं, कारण त्याच्या साखळीतच ऑक्सिजन भरलेला असतो. टेफ्लॉनच्या कुळातली पॉलिमरं मात्र कॅप्टनच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्यानेच झिजतात. फ्लोरिनचं कवच ऑक्सिजनला सहजासहजी भेदता येत नाही.

मग टेफ्लॉनच वापरा की सगळीकडे!

हबल दुर्बिणीवर तसंच केलं होतं. तिच्या पांघरुणाचा सर्वांत बाहेरचा थर एफईपी जातीच्या टेफ्लॉनचा होता, जाडी १२७ मायक्रॉन, मागे ॲल्युमिनियम. निवड चुकीची नव्हती. अणुरूप ऑक्सिजनचा विचार केला तर उत्तमच होती.

दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली. डिसेंबर १९९३ च्या पहिल्या दुरुस्ती मोहिमेत परत आणलेल्या तुकड्यांपैकी सूर्याकडे तोंड असलेले तुकडे ठिसूळ झालेले आढळले. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुसरी मोहीम गेली, तेव्हा अंतराळवीरांना पांघरुणावर मोठाले तडे उघड्या डोळ्यांनी दिसले. एका ठिकाणी टेफ्लॉन फाटून गुंडाळीसारखा वळला होता. यानात हाताशी असलेल्या साहित्याची ठिगळं तयार करून त्यांनी ती जागेवर लावली. म्हातारं छप्पर पावसाळ्याआधी शाकारावं, तसंच काहीसं. पुढच्या मोहिमांमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याचे नवे बाह्य थर बसवले गेले.

चौकशीतून निघालेलं कारण असं: इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचा मारा टेफ्लॉनच्या साखळ्या आतपर्यंत तोडत होता आणि प्रत्येक फेरीला होणारा तापमानाचा चढ-उतार त्या कमकुवत फिल्मला ताणत होता. एकट्या किरणोत्साराने कदाचित धकून गेलं असतं, एकट्या चढ-उतारानेही. दोघांनी मिळून तडे पाडले. गुंडाळलेला तुकडा सर्वांत जास्त ठिसूळ निघाला. वळल्यावर त्याची चमकती पाठ उन्हात आली, तो सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि त्या उष्णतेत हानी वेगाने वाढली.

किरणोत्साराच्या बाबतीत टेफ्लॉन पॉलिमरांमधला हळवा गडी आहे. कॅप्टन नेमका उलटा: अणुरूप ऑक्सिजनपुढे दुबळा, किरणोत्सारापुढे दगड. त्याच्या साखळीतली वलयं ऊर्जा पसरवून टाकतात आणि बंध तुटण्याची वेळच सहसा येत नाही. या दोघांची जोडी समजली की विषयाचा निम्मा भाग समजला, असं मी म्हणेन.

हे सगळं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

स्पेस शटलच्या अगदी पहिल्या उड्डाणांत, १९८१-८२ मध्ये. मालवाहू कप्प्यातल्या टीव्ही कॅमेऱ्याचं कॅप्टनचं पांघरूण परत आलं ते निस्तेज होऊन. काही दिवसांत एवढा फरक कुणालाच अपेक्षित नव्हता. मग १९८३ च्या आठव्या उड्डाणात मुद्दाम नमुने लावून झीज मोजली गेली.

खरा खजिना मिळाला तो एलडीईएफमधून. बसएवढा, बारा बाजूंचा एक सांगाडा, त्यावर ५७ प्रयोग. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर शटलने तो कक्षेत सोडला. वर्षभरात परत आणायचा बेत होता. पण वेळापत्रक लांबलं, मग जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, उड्डाणं थांबली आणि सांगाडा वरच फिरत राहिला. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाने त्याला पकडून खाली आणलं, तेव्हा ६९ महिने झाले होते. कक्षा इतकी खाली उतरली होती की थोडा आणखी उशीर झाला असता तर तो वातावरणात शिरून जळालाच असता.

या सांगाड्याचं एक तोंड कायम पुढे असायचं. पुढच्या बाजूला पोहोचलेले अणू मोजले तर वरच्या हिशेबाने कॅप्टनची झीज पाव मिलिमीटरच्याही वर जाते. म्हणजे पुढच्या बाजूच्या पातळ फिल्म शब्दशः नाहीशा झाल्या. मागच्या बाजूचे तेच नमुने बऱ्यापैकी शाबूत होते, फक्त उन्हाने काळवंडलेले. वर्षभराचा प्रयोग अपघाताने जवळपास सहा वर्षांचा झाला आणि त्यामुळेच दीर्घ मुक्कामाची माहिती हाती आली. नशिबाचा भाग म्हणायचा, पण फार महागात पडलेलं नशीब.

त्यानंतर असे प्रयोग झाले का?

बरेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘मिसे’ नावाची मालिका २००१ पासून चालू आहे. सुरुवातीच्या पेट्या अक्षरशः सूटकेससारख्या होत्या: स्थानकाच्या बाहेर नेऊन अडकवायच्या आणि उघडून ठेवायच्या. पहिल्या दोन पेट्याही वर्षाभरासाठी गेल्या होत्या. २००३ मध्ये कोलंबिया दुर्घटना झाली आणि त्या २००५ मध्ये परत आल्या, जवळपास चार वर्षांनी. इतिहासाने तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

दुसऱ्या पेटीतल्या एका प्रयोगात ४१ वेगवेगळी पॉलिमरं शेजारी शेजारी लावली होती. आज झीज-दराचे जे आकडे सगळीकडे वापरले जातात, त्यातले बरेच तिथून आलेत. मोजायची पद्धत साधी: जाण्याआधीचं वजन, आल्यानंतरचं वजन. पण या साधेपणात एक खोच आहे. कॅप्टन हवेतली आर्द्रता पितो. तसंच वजन केलं तर काट्यावर झिजेऐवजी आर्द्रतेतला फरक येतो. म्हणून नमुने आधी निर्वात भांड्यात किमान दोन दिवस सुकवायचे आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांत वजन उरकायचं. अंतराळातली चार वर्षं आणि काट्यासमोरची पाच मिनिटं, चुकायची शक्यता दुसऱ्या ठिकाणी जास्त.

ऊन आणि थंडीचा परिणाम किती?

जवळच्या कक्षेत एक फेरी साधारण दीड तासाची, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय आणि वर्षाला जवळपास ५,८०० चढ-उतार. बाहेरच्या पातळ थराचं तापमान प्रत्येक वेळी शेकडो अंशांनी बदलू शकतं. निव्वळ फिल्मला हे झेपतं. त्रास होतो तो जोडांना. कार्बनचा धागा तापून जवळपास प्रसरण पावत नाही, त्याच्याभोवतीचं इपॉक्सी पावतं. हजारो वेळा ही ओढाताण झाली की इपॉक्सीमध्ये केसासारख्या भेगा पडतात. मुलामाही असाच तडकतो.

निर्वातात प्लास्टिक ‘वायू सोडतं’ म्हणजे काय?

नव्या गाडीत बसल्यावर येणारा वास आठवा, तेच. उरलेली विद्रावकं, मऊपणा देणारी द्रव्यं, न जुळलेले छोटे रेणू हळूहळू बाहेर पडतात. निर्वातात ते जास्त जोमाने पडतात. पदार्थ थोडा कडक होतो, पण मोठी काळजी ती नाही. निघालेली वाफ जाऊन बसते कुठे, ही आहे. ती सर्वांत थंड जागा शोधते आणि उपग्रहावरची सर्वांत थंड जागा बऱ्याचदा कॅमेऱ्याची भिंग असते. स्टारडस्ट यानाच्या दिशादर्शक कॅमेऱ्यावर असाच थर बसून चित्रं धूसर झाली होती. कॅमेरा तापवून तो थर बराचसा घालवावा लागला.

यासाठी एक जुनी, सर्वमान्य चाचणी आहे: नमुना निर्वातात १२५ अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवायचा. एकूण वजनातली घट १ टक्क्यापेक्षा जास्त नको आणि शेजारच्या २५ अंशांच्या थंड पट्टीवर जमलेलं द्रव्य ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. बाजारातली कित्येक उत्तम रबरं आणि गोंद इथेच बाद होतात.

वरून काचेचा लेप दिला की प्रश्न मिटला ना?

बऱ्याच अंशी. सिलिकॉन डायऑक्साइड आधीच ऑक्सिजनने भरलेला असतो, त्यामुळे अणुरूप ऑक्सिजनला त्यात घेण्यासारखं काही उरत नाही. अंतराळ स्थानकाच्या सौरपट्ट्यांच्या कॅप्टनला दोन्ही बाजूंनी असाच लेप आहे, मायक्रॉनच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा.

अडचण छिद्रांची. लेप देताना धुळीचा एक कण खाली राहिला, घडी घालताना ओरखडा उठला, की सुईच्या टोकाहून बारीक वाट तयार होते. त्या वाटेने अणू आत शिरतात आणि लेपाखाली पोकळी कोरत जातात. वाळवीने दार खावं तसं: वरचा रंग शाबूत, आत भुसा. स्थानकाच्या एका सौरपट्टीच्या पेटीवरचं आच्छादन दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कॅप्टनचं होतं. वर्षभरात आतला कॅप्टन विरून गेला आणि नुसता मुलामा लक्तरासारखा फाटून लोंबू लागला. दोन्ही बाजूंना आरसा असल्यामुळे आत शिरलेला अणू बाहेर पडतच नव्हता, आतल्या आत आपटत खात राहिला. संरक्षणासाठी घातलेला थर सापळा ठरला.

म्हणून मला दुसरा मार्ग जास्त पटतो: संरक्षण पॉलिमरच्या आतच पेरायचं. पॉलिइमाइडच्या साखळीत सिलिकॉन-ऑक्सिजनचे छोटे पिंजरे जोडतात. वरचा कार्बन झिजला की मागे राहिलेल्या सिलिकॉनचा काचेसारखा थर आपोआप तयार होतो. ओरखडा उठला तर तिथेही तो पुन्हा बनतो.

आणि सिलिकोन रबर? त्यात सिलिकॉन असतोच की.

असतो, आणि वरचा थर खरोखर काचेत बदलतो. पण काच आकसते आणि सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात. शिवाय सिलिकोनची वाफ शेजारच्या पृष्ठभागावर बसते, ऑक्सिजनने तिथे घट्ट होते आणि उन्हाने तपकिरी पडते. एलडीईएफवर असे तपकिरी डाग जागोजागी होते.

उंच कक्षेत, ३६,००० किलोमीटरवर, काय होतं?

ऑक्सिजनचा त्रास संपतो, विजेचा सुरू होतो. तिथले इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये शिरून बसतात. पॉलिमर वीजरोधक असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला वाट नसते. साठत साठत हजारो व्होल्ट झाले की ठिणगी पडते आणि आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडू शकते. उपाय म्हणून बाहेरच्या फिल्मवर इंडियम टिन ऑक्साइडसारखा पारदर्शक, वीजवाहक मुलामा देतात किंवा काळा, कार्बन मिसळलेला कॅप्टन वापरतात.

जेम्स वेब दुर्बिणीची छत्री इतकी पातळ, ती कशी टिकते?

ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. अणुरूप ऑक्सिजन शून्य, आणि दीड तासाला पालटणारी ऊन-सावलीही नाही. पाच थर, सगळे कॅप्टनचे. सूर्याकडचा ०.०५ मिलिमीटर जाडीचा, बाकीचे ०.०२५. ॲल्युमिनियमखेरीज सूर्याकडच्या दोन थरांवर सिलिकॉनचा लेप आहे, छत्री जांभळट दिसते ती त्यामुळे. उल्काकणाने भोक पडलं तरी चीर पसरू नये म्हणून थरांवर ठरावीक अंतराने शिवणीसारखे जोड दिलेत. हीच छत्री ४०० किलोमीटरवर उघडी ठेवली असती तर चित्र फार वेगळं असतं.

जमिनीवरच चाचणी करून का ठरवत नाहीत?

करतात, आणि करावीच लागते. पण दहा वर्षांचं ऊन दहा आठवड्यांत द्यायचं तर दिवा प्रखर लावावा लागतो, प्रखर दिव्याने नमुना तापतो आणि तापल्यामुळे होणारी हानी उन्हाच्या नावावर जमा होते. ऑक्सिजनचा प्लाझ्मा वापरला तर अणू सावकाश आणि सगळ्या बाजूंनी येतात, अंतराळात ते वेगाने आणि एकाच बाजूने येतात. शिवाय एका वेळी एकच शत्रू सोडला तर हबलसारखी जुगलबंदी दिसतच नाही. परत आणलेले नमुनेसुद्धा पूर्ण खरं बोलत नाहीत: किरणोत्साराने काळवंडलेले काही रंग आणि फिल्म हवेत आल्यावर पुन्हा उजळू लागतात.

चंद्रावरचे झेंडे अजून आहेत का?

अपोलोचे झेंडे नायलॉनचे होते. २०१२ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या छायाचित्रांत अपोलो १२, १६ आणि १७ च्या जागी झेंड्यांच्या सावल्या दिसल्या, म्हणजे काहीतरी उभं आहे. चंद्रावर अणुरूप ऑक्सिजन नसल्यामुळे कापड विरलेलं नसावं, पण अतिनील किरणांनी रंग उडून ते पांढुरकं आणि ठिसूळ झालं असणार. आधी चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर ३ यानाचा कॅमेरा अपोलो १२ ने १९६९ मध्ये ३१ महिन्यांनी परत आणला, तेव्हा त्याचा पांढरा रंग तपकिरीकडे झुकलेला होता.

साधी पॉलिथिनची पिशवी स्थानकाच्या बाहेर बांधली तर?

पिशवी ५० मायक्रॉन जाडीची धरू. पॉलिथिलीनचा झीज-दर कॅप्टनच्या सव्वापट. मिसेच्या दुसऱ्या पेटीला चार वर्षांत जितके अणू लागले त्या गतीने, पुढच्या बाजूला बांधलेली पिशवी सात-आठ महिन्यांत संपेल. मागच्या बाजूला बांधली तर ती विरणार नाही. उन्हाने कडक होईल आणि कुणी हात लावेपर्यंत तशीच राहील.